पॅकिंग जपून ठेव

पंप उतरवल्यावर अंगणात पसरलेल्या वर्तमानपत्रावर अकरा वस्तू होत्या. जुना पंप एक. नट दोन, त्यांचे वॉशर दोन. कागदी पॅकिंग दोन, त्यातलं एक काढताना फाटलेलं. त्या दोन कागदांच्या मधे बसणारी काळी जाड पट्टी एक. तिला मधोमध मोठं भोक आणि दोन टोकांना दोन लहान भोकं. रबरी नळी एक. नळीच्या क्लिपा दोन. उपकरण सोडवलं की आधी भाग मोजायचे, ही सवय मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागली होती आणि नोकरीतही ती गेली नव्हती.

गाडी म्हणजे आमची डुक्कर फियाट, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तारापूरच्या कॉलनीतले एक साहेब बदलीवर गेले तेव्हा आण्णांनी ती घेतली. आण्णा, म्हणजे माझे वडील आनंदा, साताऱ्याकडून इथे वीजकेंद्राच्या बांधकामावर ट्रक चालवायला आले होते. बांधकाम संपलं, ट्रक गेले, आण्णा बेटेगावला राहिले आणि बोईसर स्टेशनवरून भाडी मारू लागले. पण रोज सकाळी साडेनऊनंतरची एक फेरी भाड्याची नव्हती. ती आईची होती.

आई औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होती. बाटल्या खोक्यात, खोकी मोठ्या खोक्यात, वर चिकटपट्टी. इतकी वर्षं उभं राहून उजवा गुडघा कायमचा सुजला होता. रिक्षात चार माणसं मागे आणि दोन ड्रायव्हरच्या कडेला. कडेला बसायचं तर गुडघा दुमडावा लागे आणि तो दुमडत नसे. म्हणून गाडी. तीसुद्धा हल्ली मधेच धापा टाकायची. एकनाथ मेस्त्रीने बॉनेट उघडून, वास घेऊन सांगितलं, "पंपाचा पडदा फाटलाय आनंदाभाऊ. ह्यो आता नवाच लागंल."

पेट्रोलची टाकी गाडीच्या मागे आणि इंजिन पुढे. मधलं अंतर ओढून आणायचं काम इंजिनाच्या कुशीला बसवलेला हा पंप करतो. इंजिन फिरलं की आतला एक उंचवटा पंपाचा दांडा ढकलतो, दांडा रबरी पडदा ओढतो, पेट्रोल पुढे येतं. वीज नाही, तार नाही. मला ते आवडलं. मी जुना पंप हातात घेऊन दांडा दाबत बसलो.

"ओ सायंटिस," एकनाथ म्हणाला, "त्याला पान्हा फुटायचा नाय आता. ठेव खाली."

तेवढ्यात सायकलवरून कुणीतरी आलं. वऱ्हाडाची जीप रस्त्यात बंद पडली होती आणि नवरदेव उन्हात उभा होता. एकनाथने हात पुसले. नवा पंप खोक्यासकट ओट्यावर होता. बोईसरच्या दुकानातून त्यानेच आणला होता.

"उद्या बसवतो," तो म्हणाला. मग दारात उभ्या असलेल्या आईला म्हणाला, "मावशी, तेवडं पॅकिंग जपून ठेव हां. टाकू नको. नवं भेटत नाय त्याचं."

"ठेवते की," आई म्हणाली.

माझी दुपारची पाळी होती. औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी माल तपासायच्या प्रयोगशाळेत काम करत होतो. मी निघून गेलो. रात्री परतलो तेव्हा गाडीचं बॉनेट बंद होतं आणि आण्णा झोपले होते. एकनाथची वाट न बघता त्यांनी पंप स्वतःच बसवला होता. सकाळी त्यांनी सांगितलं, नट आवळताना दांडा फार कडक लागला, अंगाचा भार टाकून दाबावं लागलं. "नवा हाय, कडक असनारच," ते म्हणाले. गाडी एका किल्लीत सुरू झाली. आण्णांनी रेडिएटरला हार घातला नाही एवढंच.

बोईसरला रूळ ओलांडायला फाटक आहे. बेटेगाव एका बाजूला, कारखाने दुसऱ्या बाजूला. फाटक पडलं की एक गाडी जाते, मग दुसरी येतेय म्हणून ते पडलेलंच राहतं, मग मालगाडी. मे महिना होता. इंजिन बंद केलं तर पुन्हा लागेल की नाही ह्या धास्तीने आण्णा ते चालू ठेवत. फाटक उघडलं, मागच्यांनी भोंगे वाजवले, आण्णांनी गिअर टाकला आणि नव्या पंपाची गाडी दोन उचक्या देऊन थांबली.

त्या दिवशी आईला उशीर झाला. दोन दिवसांनी पुन्हा झाला.

उशीर होणं ही त्या महिन्यात साधी गोष्ट नव्हती. आईच्या खात्यातल्या चार बायकांना कायम करणार होते. आई इतकी वर्षं तिथे होती, पण दरवेळी काही महिन्यांनी तिला कमी करून पुन्हा नव्याने घेत. कायम झालं की दवाखान्याचा खर्च कंपनी करणार होती, गुडघ्याचाही. दुसऱ्या उशिराला सुपरवायझरने तिला बाजूला घेतलं. त्याचं बोलणं तिने घरी येऊन, चप्पल काढता काढता, त्याच्याच आवाजात सांगितलं. "रंभाबाई, तुमचं काम चांगलं आहे. पण आता एकदा जरी गेट बंद झाल्यावर आलात, तर तुमच्या जागी दुसरीचं नाव वर जाईल. मग मला सांगू नका."

"लवकर निघू," मी म्हणालो.

"नळाला पानी तू भरतोस का?" आई म्हणाली.

बेटेगावच्या आमच्या नळाला पाणी पावणेनऊला येई आणि सव्वानऊला जाई. मी रात्री उशिरा यायचो, सकाळी डोळे उघडत नसत. तरी मी भरतो म्हणालो. त्यामुळे आम्ही पंधरा मिनिटं आधी निघू लागलो आणि पंधरा मिनिटं जास्त फाटकावर उभे राहिलो. गाडी बंद पडायची तिथेच पडली. त्या दिवशी कारखान्याच्या जीपने आईला मागे बसवून घेतलं म्हणून ती वेळेत पोचली. रोज जीप येणार नव्हती.

फाटकाच्या कडेला जिवली ताडगोळे विकायला बसे. टोपलीवर ओलं किलतान, म्हणजे गोणपाट, झाकलेलं. आण्णा बॉनेट उघडून उभे आहेत, आई गाडीतून पाय सरळ करायचा प्रयत्न करतेय, हे तिने बघितलं आणि किलतानाचा तुकडा काढून आईच्या हातात दिला.

"घे गं बाय. वला हाय. त्याच्या टकुऱ्यावर ठेव."

आईने तो नेमका पंपावर ठेवला. चर्र आवाज झाला. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली. तिथून पुढे हे रोजचंच झालं. आई घरून निघतानाच पाण्याची बाटली आणि जुन्या लुगड्याचा तुकडा घेई. गाडी थांबली की ती दाराला धरून खाली उतरायची, लंगडत पुढे यायची, पंपावर घडी ठेवायची, ती सुकली की पिळून पुन्हा ठेवायची. सायकलवरून पाळीला जाणारे कामगार बघत जायचे.

"चाची, गाड़ी को बुखार है क्या?"

"व्हय रं बाबा," आई म्हणायची. "तुला हाय का? उरलीय पट्टी."

ते हसत. आण्णा हसत नसत. ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर, फाटकाच्या लाल पांढऱ्या दांडक्याकडे बघत बसत. त्यांचं म्हणणं होतं की पेट्रोलात रॉकेल आहे. मी एका बाटलीत पेट्रोल घेऊन प्रयोगशाळेत गेलो आणि जेवणाच्या सुट्टीत त्याची घनता काढली. पेट्रोल चांगलं होतं. मी तसं सांगितलं तेव्हा आण्णा म्हणाले, "मग एकनाथनं पंपच भंगार आनला," आणि कूस बदलली.

मला ते पटत नव्हतं. पंप भंगार असता तर ओल्या फडक्याने बरा झाला नसता. फडक्याने एकच गोष्ट होत होती: पंप थंड होत होता. पंप फार तापला की आतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल ढकलू शकतो, वाफ नुसती दाबली जाते आणि पुन्हा फुगते. म्हणजे प्रश्न पेट्रोलाचा नव्हता, उष्णतेचा होता. ती कुठून येत होती?

मी प्रयोगशाळेतून एक थर्मामीटर मागून आणला. शुक्रवारी फाटकावर गाडी थांबली तेव्हा आईने घडी ठेवायच्या आत मी त्याचं टोक पंपाच्या अंगाला लावलं, वर कापूस दाबला आणि पारा थांबेपर्यंत धरून ठेवलं.

"औषध दे म्हनलं तर ताप बघत बसलाय," आई म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला होता. "सरक."

एकाहत्तर अंश. मी सरकलो.

त्या दिवशी गेट बंद व्हायला लागलं होतं. पहारेकरी साताऱ्याकडचा होता, त्याने एक फळी मुद्दाम हळू लोटली आणि आई तिरकी होऊन आत गेली. संध्याकाळी ती म्हणाली, "तो बी रोज हळू न्हाई लोटायचा. त्याला बी नोकरी हाय." मग ती भिंतीला टेकून बसली आणि गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "द्या म्हनावं दुसरीला. सुटंन मी तरी."

आण्णांनी ऐकलं. चुलीवर भात होता, तो आईनेच उठून उतरवला.

माझी त्या दिवशी सुट्टी होती. उजेड होता तोवर मी बॉनेट उघडून नुसतं बघत राहिलो. पंप इंजिनाच्या अंगाला अगदी चिकटून बसला होता. मधे कागदाची एक बारीक रेघ दिसत होती. इंजिनाचं लोखंड तापलेलं, त्याला पंप चिकटलेला. उष्णता सरळ आत जाणार. पण मला आठवत होतं की उतरवलेला पंप इतका आत नव्हता. खाटेखाली डालड्याच्या डब्यात जुनं सामान ठेवलेलं होतं. मी डबा ओतला. जुना पंप एक, कागदी पॅकिंग दोन. तीन. नट, वॉशर, नळी आणि क्लिपा मिळून सात वस्तू परत गाडीत गेल्या होत्या. त्या मी गाडीत मोजल्या. तीन आणि सात दहा.

काळी जाड पट्टी नव्हती. गाडीत नव्हती आणि डब्यातही नव्हती.

पंप उतरवला त्या दिवशी मी ती बोटात धरून बघितली होती. जड नाही, धातू नाही, विजेच्या बटणासारखा पदार्थ. बॅकेलाइट. बॅकेलाइटमधून उष्णता सहज जात नाही. इंजिन आणि पंप ह्यांच्यात ती पट्टी एवढ्यासाठीच होती. शिवाय तिच्या जाडीएवढा पंप बाहेर राहायचा. ती नाही म्हणून दांडा जास्त आत गेला आणि आण्णांना कडक लागला.

मी घरात गेलो. "आई, एकनाथने पॅकिंग जपून ठेवायला सांगितलं होतं. कुठे आहे?"

"हाय की." तिला प्रश्नाचं नवल वाटलं. "ट्रंकेत."

मला हायसं वाटलं. ती उठू नये म्हणून मीच ट्रंक उघडली. लग्नातल्या शालूखाली, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, पॅकिंग होतं. नव्या पंपाचं खोकं. घड्या मोडून सपाट केलेलं, कोपरे न चुरगळलेले, आतला पुठ्ठ्याचा कप्पा वेगळा ठेवलेला, वरची चिकटपट्टीसुद्धा न फाडता सोडवलेली.

आण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते.

"आगं, हे खोकं हाय," ते म्हणाले.

"मग? पॅकिंगच की." आईने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "आमच्यात ह्यालाच पॅकिंग म्हनत्यात. एक कोपरा दबला तर माल परत येतो. मी नीट ठेवलंय. काय झालं?"

गाडीच्या कामात दोन लोखंडी भागांच्या मधे जे बसवतात त्याला पॅकिंग म्हणतात, हे मी तिला सांगितलं. एकनाथचं पॅकिंग म्हणजे ती काळी पट्टी. ती एकेक शब्द ऐकत होती. मग तिने ते खोकं माझ्या हातातून घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

"म्हंजे रोज ती गाडी माझ्यामुळं बंद पडतीया," ती म्हणाली.

"आगं, न्हाई," आण्णा म्हणाले. "मी बघायला पायजे हुतं. नव्या खोक्यात दोन कागद निघालं, मी म्हनलं एवढंच असंल."

"ती पट्टी टाकलीस का?" मी विचारलं.

"मी कशाला टाकू?" ती चिडून म्हणाली. "कोंबड्या पेपरावर नाचाय लागल्या म्हनून उचललं समदं. ती काळी व्हय... ती माठाखाली हाय. तिवईचा एक पाय लंगडा हुता. त्या भोकावर पाय बी बरोबर बसतोय."

रोज घरी आल्यावर मी त्या माठातलं पाणी पीत होतो. मी माठ उतरवला, तिवई तिरकी केली. पट्टी खाली होती, ओली, थंड, एका बाजूला माती लागलेली. तडा गेलेला नव्हता.

आण्णा सायकल काढून एकनाथला आणायला गेले. तो पान चघळत आला. सगळं ऐकून त्याने आधी खोकं बघायला मागितलं, ते उलटसुलट करून बघितलं आणि ओट्यावर बसून हसला. हसताना त्याला ठसका लागला.

"मावशी! मी पॅकिंग बोललो तं तू खोका शालूत बांधला? पोरीचं लगीन काढलं का काय पंपाच्या?"

"मग नीट सांगायचं," आई म्हणाली. "पॅकिंग म्हंजे काय ते तुझ्या आयशीला तरी ठावं हाय का?"

"नाय बा. ती मासली पॅक करते, बरफात."

"काढ मग उद्या तुझ्या गाडीतलं पॅकिंग आनि बस त्या बरफावर."

एकनाथ आणखी हसला. आण्णांच्या तोंडावरही काहीतरी हललं. मग एकनाथने काम केलं. दोन नट, नळी, पंप बाहेर. इंजिनाकडे एक कागद, त्यावर काळी पट्टी, त्यावर दुसरा कागद, मग पंप. दांडा बोटाने दाबून बघितला. "आनंदाभाऊ, तुमी ह्याला लई दाबला. पन वाकला नाय. नशीब." नट ह्या वेळी बोटांनी निम्मे आत गेले. तिवईच्या पायाखाली आईने खोक्याचा एक तुकडा दुमडून घातला. बाकीचं खोकं तिने पुन्हा ट्रंकेत ठेवलं.

"आता कशाला?" मी विचारलं.

"असू दे," ती म्हणाली.

शनिवारी आम्ही तिघे निघालो. रात्री कुणालाच नीट झोप लागली नव्हती. पाणी मी भरलं होतं, पण एक घागर सांडली आणि ती पुसण्यात वेळ गेला. आईने पाण्याची बाटली आणि लुगड्याची घडी घेतली होती. घेऊ नको असं तिला कुणी म्हणालं नाही. फाटक पडलेलं होतं. आमच्यापुढे दोन टेम्पो आणि एक बैलगाडी. आण्णांनी इंजिन चालू ठेवलं. एक गाडी गेली. फाटक उघडलं नाही. मालगाडी आली, मोकळ्या वाघिणींची, हळूहळू, तिचा शेवट दिसेना.

आई पुढच्या सीटवर पाय सरळ करून बसली होती. घडी तिच्या मांडीवर होती आणि ती तिची किनार बोटांनी चाचपत होती.

जिवली उठून खिडकीशी आली. हातात किलतानाचा तुकडा होता. "आज नको?"

आण्णांनी इंजिनाचा आवाज ऐकला. "थांब जरा," ते म्हणाले.

जिवली उन्हात थांबली. आम्ही सगळेच थांबलो. शेवटचा डबा गेला. दांडकं वर जाऊ लागलं, मागून भोंगे सुरू झाले. आण्णांनी गिअर टाकला. बैलगाडी हलली, टेम्पो हलले, आणि गाडी एकदाही न उचकता रुळांवरून खडखडत पलीकडे गेली. मागे वळून बघितलं तेव्हा जिवली किलतान टोपलीवर पसरत होती.

कारखान्याच्या गेटच्या दोन्ही फळ्या उघड्या होत्या. बायका आत जात होत्या, काही अजून बाहेर चहावाल्याशी बोलत होत्या. आई दाराला धरून उतरली. पदर नीट केला. लुगड्याची घडी आणि बाटली तिने सीटवरच ठेवली.

"संध्याकाळी या," ती आण्णांना म्हणाली.

"येतो."

ती लंगडत आत गेली. पहारेकऱ्याने तिला काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, दोघं थोडं हसल्यासारखं वाटलं. मग ती शेडच्या सावलीत दिसेनाशी झाली. आण्णांनी डोकं सीटला टेकवलं आणि डोळे मिटले. इंजिन अजून चालूच होतं, ते त्यांनी बंद केलं नाही.

मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं, थर्मामीटरचं टोक पंपाला लावून त्यावर कापूस दाबला आणि पारा स्थिर होईपर्यंत धरून ठेवला.

चोपन्न अंश.